बोलँझे मद्यपेढी

फ्रान्सच्या ईशान्य भागातील शँपेन प्रदेशात आयी या गावी १८२९ मध्ये स्थापन झालेली एक प्रसिद्ध मद्यपेढी. शँपेन ही फसफसणारी वाइन तयार करणाऱ्या मोठ्या पेढ्यांपैकी बहुतेक कालांतराने मोठ्या उद्योगसमूहांच्या स्वामित्वाखाली गेल्या. बोलँझे मात्र संस्थापकांच्या वंशजांच्या मालकीची राहिली आहे. काळ्या द्राक्षांवरील भर, ओकच्या जुन्या पिंपांतील किण्वन, मॅग्नम बाटल्यांतून साठविलेली राखीव वाइन आणि दीर्घकालीन मुरवण ही तिच्या शैलीची प्रमुख लक्षणे होत. या पेढीला ‘परंपरानिष्ठ’ असे सर्रास म्हटले जाते; परंतु तिच्या इतिहासाकडे बारकाईने पाहता, तेथील परंपरा ही केवळ जुन्याची सवय नसून, स्वस्त व सोपा पर्याय समोर असताना वेळोवेळी जाणीवपूर्वक केलेली निवड आहे, असे दिसून येते.

भूमी व द्राक्षमळे : आयी हे गाव मार्न नदीच्या उत्तर तीरावर, एपर्ने शहराजवळ, सु. ४९° उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. द्राक्षांच्या लागवडीची ही जवळजवळ उत्तर सीमाच समजली जाई. थंड हवामानामुळे येथील द्राक्षांत साखर कमी व आम्लता अधिक राहते आणि हीच आम्लता फसफसणाऱ्या वाइनला पोषक ठरते. जमीन खडूयुक्त आहे. ती पावसाचे पाणी शोषून घेते व कोरड्या दिवसांत वेलींना हळूहळू पुरविते. याच खडूच्या थरांत खोदलेल्या तळघरांमध्ये बाराही महिने सारखा गारवा राहतो. शँपेन प्रदेशातील ज्या १७ गावांच्या मळ्यांना ‘ग्राँ क्र्यू’ हा सर्वोच्च दर्जा आहे, त्यांत आयीचा समावेश होतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या येथील उतारांवर पीनो न्वार ही काळी द्राक्षे उत्तम येतात. बोलँझेच्या शैलीचा कणा ही द्राक्षेच होत. पेढीच्या मालकीचे सु. १८० हेक्टरांचे मळे असून त्यांतील बहुतेक वरच्या दोन दर्जांच्या गावांत आहेत. आपल्या गरजेची निम्म्याहून अधिक द्राक्षे ती स्वतः पिकविते. शँपेनच्या मोठ्या पेढ्या सामान्यतः लहान बागायतदारांकडून द्राक्षे विकत घेतात, हे लक्षात घेता ही गोष्ट अपवादात्मक ठरते.

स्थापना : पेढीच्या स्थापनेत तीन व्यक्तींचा भाग होता. आतानाझ द व्हिलेर्माँ (१७६३–१८४०) हे सरदार घराण्यातील नौदल अधिकारी होते. त्यांना वारशाने आयीच्या परिसरातील मळे मिळाले होते. तथापि व्यापारधंद्याशी उघडपणे नाव जोडणे सरदाराला शोभणारे मानले जात नसल्याने त्यांनी स्वतःचे नाव मागे ठेवले. झाक बोलँझे हा जर्मनीतील व्यर्टेम्बर्गचा तरुण शँपेनच्या व्यापारात अनुभव घेत होता. तिसरे भागीदार पॉल रनोदँ हे स्थानिक गृहस्थ होते. ६ फेब्रुवारी १८२९ रोजी ‘रनोदँ-बोलँझे आणि कंपनी’ या नावाने पेढी सुरू झाली. तिच्याकडे व्हिलेर्माँ यांची जमीन होती, तर बोलँझे यांच्याकडे विक्रीची दृष्टी होती. १८३७ मध्ये झाक बोलँझे यांचा विवाह व्हिलेर्माँ यांची कन्या शार्लोत हिच्याशी झाला आणि भूमी व व्यापार ही दोन्ही अंगे एका कुटुंबात आली. पुढे बोलँझे यांनी फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले.

त्या काळी शँपेनची मोठी गिऱ्हाइके परदेशांत होती आणि प्रत्येक देशाची आवड निराळी होती. रशियात अतिशय गोड शँपेन खपे, तर इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरडी, म्हणजे अल्प साखरेची वाइन लोकप्रिय झाली. बोलँझेने इंग्लंडच्या बाजारपेठेवर लक्ष केंद्रित केले. साखर कमी असली की वाइनमधील उणिवा झाकल्या जात नाहीत. म्हणून कोरडी वाइन विकणाऱ्या पेढीला मूळ द्राक्षांच्या प्रतीकडे अधिक लक्ष देणे भाग पडते. १८८४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने पेढीला राजपुरवठादाराची सनद दिली. याच सुमारास झाक यांचे पुत्र जोझेफ व झॉर्झ यांच्याकडे कारभार आला आणि त्यांनी आसपासच्या गावांतील मळे खरेदी करण्याचे धोरण ठेवले. पेढीच्या नित्याच्या वाइनला आजही ‘स्पेशल क्यूव्हे’ असे अर्धे इंग्रजी नाव आहे, ही त्या इंग्रजी बाजारपेठेचीच खूण होय.

१९११ चा उठाव : विसाव्या शतकाच्या आरंभी शँपेन प्रदेशावर एकामागून एक संकटे आली. फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कीटकाने १८९० च्या सुमारास मार्नच्या खोऱ्यात प्रवेश केला होता. त्यात १९१० चे पीक अतिवृष्टी व रोग यांमुळे जवळजवळ पूर्णपणे बुडाले. अशा स्थितीत काही व्यापारी पेढ्या इतर प्रदेशांतून स्वस्त द्राक्षे व वाइन आणून शँपेनच्या नावाने विकत असल्याचा बागायतदारांचा आरोप होता. शँपेन प्रदेशाची कायदेशीर सीमा कोणती, ओब जिल्हा तिच्यात धरावा की नाही, हा वादही पेटलेला होता. ११ एप्रिल १९११ रोजी फ्रेंच सीनेटने सीमानिश्चिती रद्द करण्याच्या बाजूने मत दिले आणि दुसऱ्याच दिवशी आयी येथे संतप्त जमावाने व्यापाऱ्यांची घरे व कोठारे जाळली. वाइन रस्त्यांवरून वाहिली. सरकारला लष्कर पाठवावे लागले. या जाळपोळीतून बोलँझेची वास्तू मात्र वाचली. स्थानिक मळ्यांतील द्राक्षेच वापरणारी व बागायतदारांशी सचोटीने वागणारी पेढी म्हणून जमावाने तिला हात लावला नाही, असे सांगितले जाते. ही आख्यायिका अक्षरशः खरी मानावी की न मानावी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यामागील वाद खरा होता. एखाद्या भूमीचे नाव धारण करणारी वाइन त्या भूमीतूनच यावी, हे तत्त्व या संघर्षातून पुढे आले आणि १९२७ च्या कायद्याने शँपेनची सीमा निश्चित होऊन ओब जिल्ह्यालाही तिच्यात स्थान मिळाले.

लिली बोलँझे : १९१८ मध्ये झॉर्झ यांचे पुत्र झाक यांच्या हाती पेढी आली. १९२३ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ (लिली) लॉ द लॉरिस्ताँ (१८९९–१९७७) यांच्याशी झाला. लॉ हे मूळचे स्कॉटिश घराणे. अठराव्या शतकात याच घराण्यातील झाँ लॉ द लॉरिस्ताँ हे पाँडिचेरीचे फ्रेंच गव्हर्नर होते. १९४१ मध्ये, फ्रान्स जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, झाक यांचे निधन झाले. मूलबाळ नसलेल्या लिलीबाईंनी पेढीचा कारभार हाती घेतला. मजूर नव्हते, इंधन नव्हते आणि जर्मन अधिकाऱ्यांची वाइनची मागणी सतत चालू होती. पेट्रोलअभावी त्या सायकलवरून मळ्यांची पाहणी करीत. पुढेही त्यांनी हा परिपाठ सोडला नाही. १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्यांनी पेढी चालविली. नवे मळे विकत घेतले, परदेशांत स्वतः प्रवास करून विक्री वाढविली आणि मद्यनिर्मितीच्या जुन्या पद्धती टिकवून धरल्या. त्यांच्यानंतर क्लोद दोतफय व क्रिस्तियाँ बिझो या त्यांच्या आप्तांनी, तसेच १९९४ पासून गिस्लँ द माँगोल्फिए यांनी कारभार पाहिला. २००८ मध्ये प्रथमच कुटुंबाबाहेरील व्यक्तीकडे व्यवस्थापन सोपविण्यात आले. मालकी मात्र कुटुंबाकडेच राहिली.

शँपेनची सर्वसाधारण पद्धती : बोलँझेचे वेगळेपण समजण्यासाठी शँपेन कशी तयार होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो. रस जवळजवळ रंगहीन असतो. म्हणून घड हलक्या दाबाने पिळून साली लगेच वेगळ्या केल्यास काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन मिळते. चार हजार किलोग्रॅम द्राक्षांपासून प्रथम निघणारा २,०५० लिटर रस उत्तम व नंतरचा ५०० लिटर दुय्यम प्रतीचा समजला जातो. रसाचे किण्वन होऊन साधी, न फसफसणारी वाइन तयार होते. निरनिराळ्या मळ्यांच्या व वर्षांच्या वाइनी एकत्र करून मिश्रण सिद्ध करतात, त्यात थोडी साखर व यीस्ट घालतात आणि ते बाटल्यांत भरून बंद करतात. बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन होते. निर्माण झालेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडू न शकल्याने वाइनमध्ये विरघळतो आणि बाटलीतील दाब सु. सहा वातावरणांपर्यंत जातो. मृत यीस्टचा साका बाटलीतच राहतो व त्याच्या सहवासात वाइन मुरते. शेवटी बाटल्या उतरत्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवितात. साका तोंडाशी जमला की तो काढून टाकतात आणि थोडी साखरमिश्रित वाइन घालून कायमचे बूच बसवितात. महाराष्ट्रातही १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे पायपर-एडसिक या शँपेन पेढीच्या तांत्रिक साहाय्याने याच पद्धतीची ‘ओमर खय्याम’ ही वाइन तयार करण्यात आली.

बोलँझेची शैली : वरील प्रत्येक टप्प्यावर बोलँझेची निवड विशिष्ट आहे. तिच्या मिश्रणांत पीनो न्वारचे प्रमाण नेहमी निम्म्याहून अधिक असते. स्पेशल क्यूव्हेमध्ये ते सु. ६० टक्के, शार्दोने या पांढऱ्या द्राक्षांचे सु. २५ टक्के व उरलेले म्यनिये या काळ्या द्राक्षांचे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक पेढ्यांनी लाकडी पिंपे टाकून अगंज पोलादाच्या मोठ्या टाक्या आणल्या. टाकी धुण्यास सोपी, तापमान नियंत्रणास सोयीची व मनुष्यबळ वाचविणारी असते. बोलँझेनेही टाक्या आणल्या, पण पिंपे टाकली नाहीत. आजही तिच्याकडे तीन हजारांहून अधिक पिंपे आहेत आणि त्यांची डागडुजी करणारा कारागीर ती पदरी बाळगून आहे. ही पिंपे नवी नसतात. नव्या ओकचा उग्र वास वाइनला लागू नये, म्हणून बर्गंडी प्रदेशातून वापरलेली पिंपे आणली जातात. येथे लाकडाचा उद्देश चव देणे हा नसून, लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अत्यल्प प्रमाणात ऑक्सिजन आत येऊ देणे हा आहे. वाइन लहान वयातच थोड्या ऑक्सिजनला सरावली, तर पुढील दीर्घ आयुष्यात ती सहजासहजी बिघडत नाही, अशी यामागील धारणा आहे. शिवाय लहान पिंपांमुळे प्रत्येक मळ्याची वाइन वेगळी ठेवून तिची परीक्षा करता येते.

राखीव वाइन हे दुसरे वैशिष्ट्य. प्रत्येक वर्षीचे पीक सारखे नसल्याने सर्वच पेढ्या चांगल्या वर्षांची काही वाइन राखून ठेवतात व ती नव्या मिश्रणात वापरतात. बहुतेक ठिकाणी ही वाइन टाक्यांत ठेवली जाते. बोलँझे तिचा मोठा भाग दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, नैसर्गिक बूच लावून, गावागावांनुसार व वर्षांनुसार वेगवेगळा साठविते. या बाटल्यांत किंचित साखर व यीस्ट घालतात. त्यामुळे उत्पन्न होणारा थोडा वायू वाइनला ताजी ठेवतो. अशा सात लाखांहून अधिक मॅग्नम बाटल्या तळघरांत ५ ते १५ वर्षे मुरत असतात. वापरण्याची वेळ आली की प्रत्येक बाटली हाताने उघडावी लागते. हा खर्च हिशेबवहीत तोट्यासारखाच दिसेल. परंतु स्पेशल क्यूव्हेची भरदार चव याच साठ्यावर उभी आहे.

चांगल्या वर्षांतच काढली जाणारी ‘ग्राँद आने’ ही वाइन संपूर्णपणे पिंपांत किण्वन केलेली असते. १९६० नंतर मुरवणीच्या काळात बाटल्यांवर पत्र्याचे टोपण लावण्याची रीत सर्वत्र पसरली. टोपण स्वस्त असते व ते यंत्राने काढता येते. ग्राँद आनेसाठी मात्र बोलँझेने बूच व त्यावरील धातूचा चाप कायम ठेवला. दीर्घकाळ मुरविताना बूच वाइनचे अधिक चांगले रक्षण करते, असे तिचे मत आहे. बूच यंत्राने निघत नसल्याने साका काढण्याचे कामही हातानेच करावे लागते. याचा एक अनपेक्षित लाभ असा, की प्रत्येक बाटलीचा वास एका माणसाच्या नाकाखालून जातो व सदोष बाटली तेथेच बाजूला पडते.

दोन ‘नव्या’ परंपरा : पेढीच्या ज्या दोन वाइनी आज सर्वांत परंपरागत समजल्या जातात, त्या दोन्ही लिली बोलँझे यांच्या उत्तरकाळातील आहेत. १९६७ मध्ये त्यांनी १९५२ च्या पिकाची वाइन ‘रेसमाँ देगॉर्झे’, म्हणजे ‘नुकताच साका काढलेली’, या नावाने विक्रीस काढली. ती दीर्घकाळ साक्यासह मुरविलेली होती आणि तिच्यात साखर अत्यल्प होती. साक्याच्या सहवासात वाइन मंदगतीने परिपक्व होते व तिचा ताजेपणा टिकतो, ही गोष्ट तळघरातील लोकांना पूर्वीपासून ठाऊक होती. तिला ग्राहकांपर्यंत नेण्याचे काम लिलीबाईंनी केले. यानंतर इतर पेढ्यांनीही उशिरा साका काढलेल्या वाइनी बाजारात आणल्या.

दुसरी वाइन ‘व्हिएय व्हिन्य फ्राँसेझ’, म्हणजे ‘जुन्या फ्रेंच वेली’. फायलोक्सेराच्या आक्रमणानंतर यूरोपातील द्राक्षवेली कीडप्रतिकारक अमेरिकन खुंटावर कलम करून लावण्यात येऊ लागल्या. महाराष्ट्रातील बागायतदार क्षारयुक्त जमीन व पाणीटंचाई यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज खुंट वापरतात. तेथे कारण किडीचे होते. बोलँझेच्या मालकीचे काही छोटे तुकडे मात्र का कोण जाणे, कलमाविना वाचले. तेथील वेली रांगांत नसून दाटीने वाढतात. जुन्या वेलीची फांदी जमिनीत दाबून नवी वेल तयार करतात. हा दाब कलमाचाच प्रकार होय. यंत्राला आत वाव नसल्याने सर्व कामे हाताने होतात. १९६९ मध्ये, लिलीबाईंच्या सत्तराव्या वर्षी, सिरिल रे या इंग्रज लेखकाच्या सूचनेवरून या तुकड्यांतील केवळ पीनो न्वारची वेगळी वाइन काढण्यात आली. एकूण तीन तुकड्यांपैकी बूझी गावातील क्र्वा रूझ हा तुकडा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फायलोक्सेरालाच बळी पडला. आता आयीमधील शोद तेर व क्लो सँ-झाक हे दोनच उरले असून त्यांचे एकत्रित क्षेत्र अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी आहे. कीड जवळपासच्या मातीत आहेच. त्यामुळे प्रत्येक हंगाम हा या वेलींचा शेवटचा ठरू शकतो. व्यवहाराच्या दृष्टीने या जागी कलमी वेली लावणे केव्हाही सुरक्षित ठरले असते.

प्रतिज्ञा व मर्यादा : १९८० नंतरच्या दशकात शँपेनची मागणी झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर प्रतीविषयीच्या तक्रारीही वाढल्या. काही पेढ्या इतरांनी तयार केलेल्या बाटल्या घेऊन त्यांवर स्वतःची नामपट्टी लावीत. कायद्याने ते निषिद्ध नव्हते. या पार्श्वभूमीवर क्रिस्तियाँ बिझो यांनी १९९२ मध्ये पेढीची नीती व गुणवत्तेची सनद प्रसिद्ध केली. द्राक्षे कोठली, रस कोणता, मुरवण किती, यांविषयीचे नियम तिच्यात जाहीर करण्यात आले. एका व्यापारी पेढीने आपली रीत लेखी स्वरूपात लोकांसमोर मांडून स्वतःला बांधून घ्यावे, ही त्या क्षेत्रात नवी गोष्ट होती.

या बांधिलकीची कसोटी २००३ मध्ये लागली. त्या वर्षी वसंतातील हिमतुषाराने पीक घटले व उन्हाळ्यातील असाधारण उष्णतेमुळे ऑगस्टमध्येच तोडणी करावी लागली. तयार झालेली वाइन वाईट नव्हती, पण नेहमीच्या घडणीची नव्हती. पेढीने तिला ग्राँद आने हे नाव न देता ‘बोलँझेची २००३’ अशा वेगळ्या नावाने विकले. याउलट, जेथे बदल पटला तेथे तो स्वीकारलाही गेला. गुलाबी शँपेनविषयी पेढी दीर्घकाळ उदासीन होती. तथापि २००८ पासून वर्षाचा उल्लेख नसलेली गुलाबी वाइनही ती काढू लागली. लांग्ल्वा-शातो (१९७३), बर्गंडीतील शांसाँ (१९९९) व आयीतीलच आयाला (२००५) या पेढ्या तिच्या समूहात आल्या. १९७३ पासून जेम्स बाँडच्या चित्रपटांशी जुळलेल्या संबंधाचा तिने प्रसिद्धीसाठी भरपूर उपयोग करून घेतला. परंपरा आणि व्यापार यांची येथे फारकत नाही.

२०१५ मध्ये यूनेस्कोने शँपेनचे उतार, पेढ्या व तळघरे यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यात आयीच्या ऐतिहासिक द्राक्षमळ्यांचा समावेश आहे. पण इमारती जतन करणे त्यामानाने सोपे असते. पिंप दुरुस्त करणारा हात, बाटली उघडताना वास घेणारे नाक आणि फांदी मातीत दाबण्याचे कसब एका पिढीत खंडित झाले, तर ते पुन्हा विकत घेता येत नाही. हवामान उष्ण होत चालल्याने तोडणीचा काळ अलीकडे सरकत आहे आणि ज्या आम्लतेवर शँपेन उभी आहे तीच कमी होण्याचा धोका आहे. अशा वेळी कोणती रीत सोडावयाची व कोणती धरून ठेवावयाची, हा निर्णय बोलँझेला पूर्वीप्रमाणेच पुन्हा घ्यावा लागणार आहे.